'फ्लेक्सिबल' एमएस्सी, वारजे ते डेक्कन : अडीच वर्षांचा हिशेब

शनिवार-रविवारच्या कॉम्प्युटर सायन्स एमएस्सीच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर 'तुमचा अभ्यासक्रम तुम्हीच घडवा' असं छापलं होतं आणि मागच्या पानावर 'पार्किंगची सोय नाही' असं. दुसरं वाक्य शब्दशः खरं निघालं. पहिल्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण गेल्या महिन्याभरात ऑफिसातल्या चौघींनी विचारलं, "तू केलंस ना ते शनिवार-रविवारवालं, घेऊ का गं मी?" आणि प्रत्येकीला चहाच्या कपावर अर्धंमुर्धं सांगून कंटाळा आला.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुण्यात डेक्कनच्या आसपासचं आहे, स्वायत्त आहे, एवढं पुरे. तिथल्या दोन शिक्षकांचे माझ्यावर उपकार आहेत आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते त्यांच्या माथी बसायला नको. शिवाय आजूबाजूला असे कोर्स चालवणारी कॉलेजं बरीच आहेत. नाव बदललं तरी कहाणी फारशी बदलत नाही, असं इतर बॅचवाल्यांशी बोलून कळलं.

आधी मी कोण ते. २००७ ची बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. वर्गातली बरीच मुलं तेव्हा सीडॅकच्या पीजी डिप्लोमाला गेली, मी मगरपट्ट्यात मॅन्युअल टेस्टिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासायच्या कामाला लागले. आता हिंजवडी फेज २ मध्ये टेस्ट लीड. मुलगी आठवीत, घरी सासूबाई, नवऱ्याची नोकरी चाकणला, शिफ्टची. म्हणजे माझ्या आयुष्यात लवचिक असं काही असेल तर ती मीच.

शिकायची हौस वगैरे नव्हती, एका बगमुळे गेले. आमचं पेमेंटचं प्रॉडक्ट २०२२ मध्ये एका सर्व्हरवरून अनेक सर्व्हरांवर गेलं आणि तेव्हापासून माझ्या ऑटोमेशनच्या टेस्ट, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप तपासणारे प्रोग्राम, वाटेल तेव्हा नापास होऊ लागल्या. तीच टेस्ट सकाळी पास, दुपारी नापास. डेव्हलपर पोरं म्हणायची, "मॅडम, इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी आहे, थांबून परत रन करा." म्हणजे सगळ्या सर्व्हरांवरची माहिती लगेच नाही, थोड्या वेळाने सारखी होते. मी मान डोलवायची. पंधरा वर्षांच्या अनुभवाला चोवीस वर्षांच्या पोरापुढे नुसती मान डोलवावी लागते, हे मला रात्री झोपताना आठवायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रवेश घेतला. दोन वर्षांची फी १ लाख १८ हजार, शनिवारी दुपारी २ ते ७, रविवारी सकाळी ८ ते १, बुधवारी रात्री दोन तास ऑनलाइन प्रॅक्टिकल.

टेस्टर असल्यामुळे सवयीने माहितीपुस्तिका रिक्वायरमेंट डॉक्युमेंटसारखी, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं त्या यादीसारखी वाचली. पहिला बग तिथेच सापडला आणि तो फी भरल्यावर सापडला, हा माझा गाढवपणा.

हिशेब असा. राज्य शासनाने २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो साचा दिला, त्यात चार सत्रं, दर सत्राला २२ क्रेडिट, एकूण ८८. त्यातले ५४ मुख्य विषयांचे, ते सगळ्यांना सारखेच. ४ संशोधन पद्धतीचे, ४ ऑन जॉब ट्रेनिंगचे, १० प्रोजेक्टचे. उरले १६. दर सत्रात ४ क्रेडिटचा एक ऐच्छिक विषय, असे चार. म्हणजे 'तुमचा अभ्यासक्रम तुम्हीच घडवा' यातला मी घडवायचा भाग ८८ पैकी १६, शंभरात अठरा. थाळीत सगळं ठरलेलं आणि लोणचं कैरीचं की लिंबाचं ते तुम्ही सांगा, असा प्रकार.

दुसरा हिशेब तासांचा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलचा ३०. सगळी थिअरीच धरली तरी २२ क्रेडिटना ३३० तास होतात. आमचे शनिवार-रविवारचे दहा तास, बुधवारचे दोन, आठवडे पंधरा : १८०. उरलेले दीडशे तास कुठे गेले? मी पहिल्याच महिन्यात ऑफिसात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "ते सेल्फ लर्निंग आहे मॅडम, ब्लेंडेड मोड." आमच्या धंद्यात याला 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' म्हणतात : बग आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिकीट बंद.

आता चांगलं सांगते, कारण अभ्यासक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट ८८ क्रेडिटांच्या बाहेरच होती. प्रवेश झाल्यावर पहिले तीन आठवडे ब्रिज कोर्स, म्हणजे पाया पक्का करून घेणारा कोर्स होता. शून्य क्रेडिट, परीक्षा नाही, हजेरीची सक्ती नाही. डिस्क्रीट मॅथ्स. इंडक्शन, रिलेशन, ग्राफ, थोडी प्रोबॅबिलिटी. निम्मी बॅच आलीच नाही. शिकवणाऱ्या मॅडम साठीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा माणूस मोबाइल आपोआप खिशात ठेवेल. त्या दर शनिवारी निघताना प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवायच्या, हाताने लिहून झेरॉक्स काढलेला, पाच गणितांचा. "पुढच्या शनिवारी उत्तर नको मला," म्हणायच्या, "कुठे अडलात ते लिहून आणा." मी सोळा वर्षांनी इंडक्शनची सिद्धता लिहायला बसले तेव्हा मुलगी शेजारी बीजगणिताचा गृहपाठ करत होती. दोघी अडलो. ती आधी सुटली.

या तीन आठवड्यांचं मोल मला पुढे कळलं. पहिल्या सत्रात ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम होता. 'हा प्रश्न तितकाच अवघड आहे जितका तो' हे दाखवायला एक प्रश्न दुसऱ्यात बदलून दाखवायचा, ज्याला रिडक्शन म्हणतात. ज्यांनी ब्रिज कोर्स केला होता ते धडपडत का होईना शिकले. ज्यांनी नाही केला त्यांनी अप्पा बळवंत चौकातून गाइड आणून सहा रिडक्शन पाठ केली, आणि परीक्षेत सातवी आली.

अप्पा बळवंत चौकावरून आठवलं. पुण्यात पुस्तकांच्या या बाजाराला एबीसी म्हणतात. प्रवेशाच्या वेळी खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, "एबीसी झालं का?" मी म्हटलं, "अजून नाही, पुस्तकं पुढच्या आठवड्यात आणेन." ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना हवा होता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी. पुण्यात वाढलेल्या माणसाला एबीसी म्हणजे काय हे कोणी दिल्लीत बसून बदललंय याची कल्पना असायचं कारण नाही. असो. ही बँक २०२१ पासून आहे. आपले क्रेडिट तिथे जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि कॉलेज बदललं तर सोबत नेता येतात. कल्पना खरंच चांगली आहे. माझ्या बॅचमधल्या एकीची पहिल्या वर्षानंतर बेंगळुरूला बदली झाली. तिने ४४ क्रेडिटवर पीजी डिप्लोमा घेतला आणि निघाली; पुढेमागे तिथल्या एखाद्या विद्यापीठाने मान्य केले तर उरलेलं तिकडे करेल. आमच्या वेळी अशी मधूनच नोकरीसाठी निघालेली मुलं नुसती 'सोडलं' या रकान्यात जायची.

मात्र बँक चांगली असली तरी चेक वटवायला शाखा लागते. दुसऱ्या सत्रात मला कंपायलर शिकायचं होतं. यादीत होतं, वर्ग निघाला नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घेता येतात, म्हणून अर्ज केला, मंजूर झाला. तिथला एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्स, दर आठवड्याला असाइनमेंट, त्याचे २५ टक्के. ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या तीन तासांच्या परीक्षेचे. हजार रुपये फी. रामटेकडीला सकाळी नऊच्या स्लॉटला गेले. वारज्याहून रामटेकडी म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, पण परीक्षा झकास होती. पाठांतराला जागाच नव्हती. ६८ मार्क.

घोळ पुढे झाला. कोर्स ३ क्रेडिटचा, आमचा ऐच्छिक विषय ४ चा. एक क्रेडिट कमी. त्या एका क्रेडिटसाठी आधी सांगितलं की अजून एक चार आठवड्यांचा कोर्स करा. मग सांगितलं की तो याच सत्रात पूर्ण झालेला हवा, आणि सत्र तर संपत आलेलं. शेवटी विभागप्रमुख सरांनी वीस मिनिटांचा सेमिनार घ्यायला लावून तो क्रेडिट दिला. तोवर निकाल लागला आणि माझ्या नावापुढे 'राखीव'. सात आठवडे राखीव. सासूबाईंनी विचारलं, "राखीव म्हणजे चांगलं ना?"

क्लार्कसाहेबांना मात्र बोल लावणार नाही. माझी फाइल त्यांनी स्वतः विद्यापीठाच्या माणसापर्यंत पोचवली आणि मला फोन करून सांगितलं, हे कुठल्याही ब्लेंडेड मोडमध्ये बसत नाही. चूक ३ आणि ४ ची आहे. कॉलेजने ऐच्छिक विषय एक-एक क्रेडिटचे तुकडे पाडून ठेवले असते तर ३ चा काय, ५ चा कोर्सही कुठेतरी बसवता आला असता. सुटे पैसे नसलेल्या दुकानात शंभराची नोट घेऊन उभं राहिल्यासारखं झालं माझं.

ऐच्छिक विषयांचं थोडं जास्त लिहिते, कारण विचारणाऱ्या चौघींपैकी तिघी त्या यादीवरच भाळल्या आहेत. यादीत १४ विषय होते. क्लाउड, ब्लॉकचेन, क्वांटम, कंपायलर, ग्राफिक्स, काय नाही ते. नियम असा की १५ जणांनी मागितला तर वर्ग निघणार. आमची बॅच ४१ जणांची. आता तुम्हीच भागाकार करा : ४१ ला १५ ने भागलं तर एका सत्रात फार फार तर दोन विषय निघतात. चार सत्रांत मिळून प्रत्यक्ष निघाले सहा वेगवेगळे विषय, आणि दर वेळी त्यातला एक मशीन लर्निंगचा कुठलातरी अवतार. बाकीचे आठ विषय माहितीपुस्तिकेतच राहिले. पिठलं-भाकरीच्या खानावळीत मेन्यूवर चायनीज असतं तसे.

मशीन लर्निंगला माझा विरोध नाही, पण त्याआधी काय यायला हवं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, न केलेली मुलं थेट डीप लर्निंगच्या वर्गात. प्रॅक्टिकलला सगळ्यांची कोड सारखी, कारण सगळ्यांची एकाच ठिकाणाहून आलेली. एकाने मॅट्रिक्सचं माप बदलून बघितलं तर कोणालाच चूक सापडेना. ज्याला 'फ्लेक्सिबल' म्हणतात त्यात 'हे आधी, ते मग' अशी सक्ती नको असा समज दिसला. मला उलट वाटतं. मंडईत शिरलेल्या नवख्या माणसाला सगळे गाळे उघडे असून काय उपयोग? कोणीतरी आधी सांगावं लागतं की पालेभाजी शेवटी घ्या, नाहीतर बटाट्याखाली दबेल.

माझा ऑफिसातला सहकारी, बालेवाडीला राहतो, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन मास्टर्स करतोय. तो कोर्स जानेवारी २०१४ ला सुरू झाला, तेव्हा सगळी मिळून सात हजार डॉलरच्या आसपास फी म्हणून गाजला होता. त्याचे दहा विषय, ३० क्रेडिट. आमच्या ८८ शी त्याची तुलना करू नका, तिकडचा क्रेडिट वेगळा मोजतात. पण दोन गोष्टी बघा. एक, पहिल्या बारा महिन्यांत पायाभूत यादीतले दोन विषय किमान बी ग्रेडने पास व्हावे लागतात. तिथे सूट नाही. दोन, त्यानंतर एका सत्रात एकच विषय घेतला तरी चालतं. मुलगा झाला तेव्हा त्याने एक सत्र काहीच घेतलं नाही, पुढच्याला पुन्हा सुरू. म्हणजे पाया घट्ट आणि चाल मोकळी. आमच्याकडे नेमकं उलट : पायाच्या तीन आठवड्यांना हजेरी ऐच्छिक आणि चाल मात्र पलटणीची.

हे मला फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगलंच कळलं. चौथं सत्र सुरू होतं, सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी अर्ज केला : या सत्रात निम्मे विषय घेते, निम्मे पुढे. उत्तर : सत्र घ्यायचं तर पूर्ण, नाहीतर गॅप. गॅप म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत वर्षभर, कारण चौथ्या सत्राचे विषय जानेवारीतच सुरू होतात. शेवटी विषयांच्या परीक्षा कशाबशा दिल्या, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये नोट्स वाचून, आणि प्रोजेक्ट पुढे ढकलला. मुदतवाढीचे ९ हजार रुपये. 'जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येईल' हे वाक्य माहितीपुस्तिकेत ठळक होतं. ते चार वर्षांत कसं करायचं, याला मात्र दोनच वाटा होत्या : नापास व्हा किंवा गॅप घ्या.

बरं, यूजीसीच्या जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात तर दुसऱ्या वर्षासाठी तीन रस्ते दिले आहेत : नुसते विषय, एक सत्र विषय आणि एक सत्र संशोधन, किंवा पूर्ण वर्ष संशोधन. मी त्याची प्रत काढून विभागप्रमुखांना नेऊन दिली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे पूर्णवेळ शिक्षक पाच आहेत. तीन रस्ते काढले तर प्रत्येकावर दीड माणूस." यावर मला बोलता आलं नाही. मीही टीम चालवते. पाच माणसांत काय होतं आणि काय होत नाही, ते मला ठाऊक आहे. पण मग मुखपृष्ठावर तसं छापू नये.

ऑन जॉब ट्रेनिंगची गंमत सांगायलाच हवी. ४ क्रेडिट, १२० तास. पंधरा-सोळा वर्षं आयटीत काम केलेल्या बाईला आयटी कंपनीत १२० तास प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, माझीच कंपनी धरा. म्हणाले, चालेल, पण रोजची डायरी हवी, वरिष्ठांची सही हवी आणि 'प्रशिक्षणार्थी काय शिकला' असा रकाना भरायला हवा. माझा वरिष्ठ टेक्सासला. तो डिजिटल सही पाठवायला तयार, कॉलेजला शिक्का हवा. शेवटी एचआरच्या पोरीने शिक्का मारला. तिची निवड झाली त्या मुलाखतीच्या पॅनेलवर मी होते. रकान्यात तिने लिहिलं, 'समाधानकारक प्रगती'.

संशोधन पद्धतीबद्दल दोनच ओळी. इतर विज्ञान शाखांबरोबर एकत्र वर्ग होता, साठ तास नमुना निवड आणि काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी, आणि त्या साठ तासांत कॉम्प्युटर सायन्सचा एकही शोधनिबंध कोणी उघडला नाही. या विषयाला मी शून्य देते.

आणि आता तो वर्ग, ज्याच्यासाठी मी सगळे पैसे पुन्हा भरेन.

तिसऱ्या सत्रात डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून एक काम कसं करतात तो विषय, यादीत आला. माझा बग जिथे राहतो तो पत्ता. मागणी करणारे निघाले १३. दोन कमी. सोमवारपर्यंत मुदत. शनिवारी चहाच्या सुट्टीत आम्ही तेराजण कॉरिडॉरमध्ये उभे राहून, मशीन लर्निंग-२ ला नाव दिलेल्यांना अक्षरशः गाठत होतो. एकाला पटवलं, कारण त्याला मुलाखतीत यावर प्रश्न आले होते. दुसरा म्हणाला, "तो लेक्चर रविवारी सकाळी आठचा आहे, मला उठवत नाही." तो निघाला वारज्याचाच. मी शब्द दिला की दर रविवारी साडेसातला त्याच्या सोसायटीच्या गेटवर माझी ॲक्टिव्हा उभी असेल. पंधरा आठवडे उभी होती. रविवारी सकाळी कर्वे रस्ता रिकामा असतो, नळ स्टॉपपर्यंत वाऱ्यासारखे यायचो, आणि तो मागे बसून डुलक्या काढायचा.

शिकवणारे सर एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, मानधनावर येणारे. स्लाइड नाहीत. दुसऱ्या लेक्चरला त्यांनी आम्हा सगळ्यांची घड्याळं काढून टेबलावर ठेवायला लावली, मोबाइलही. तिघांना वर्गाच्या तीन कोपऱ्यांत उभं केलं. प्रत्येकाकडे चिठ्ठ्या आणि मनात एक आकडा, शून्यापासून. काहीही केलं की आपला आकडा एकने वाढवायचा. दुसऱ्याला चिठ्ठी पाठवली की तिच्यावर आपला आकडा लिहायचा. चिठ्ठी मिळाली की आपला आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा यांत जो मोठा, त्यात एक मिळवून तो आपला. बस. खेळ वीस मिनिटं चालला. मग सरांनी विचारलं, "यातलं आधी काय घडलं?" आणि घड्याळाशिवाय आम्हाला सांगता येऊ लागलं की ही चिठ्ठी त्या चिठ्ठीच्या आधीची असलीच पाहिजे. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने हे १९७८ मध्ये मांडलं, असं त्यांनी शेवटी सांगितलं, आधी नाही.

मग त्यांनी फासा टाकला. "याचा आकडा ४, त्याचा ७. मग ४ मुळे ७ घडलं का?" वर्ग म्हणाला हो. सर हसले. कारणाचा आकडा परिणामापेक्षा लहान असतोच; पण आकडा लहान आहे म्हणून ते कारण ठरत नाही. दोघांचा एकमेकांशी संबंधच नसेल. मी वहीत हे लिहिताना माझा हात थांबला. माझ्या टेस्ट दोन सर्व्हरचे लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याच्या नोंदी, एकत्र करून घड्याळाच्या वेळेप्रमाणे लावत होत्या आणि 'आधी हे दिसलं, नंतर ते, म्हणून चूक' असा निकाल देत होत्या. दोन सर्व्हरची घड्याळं काही मिलिसेकंदांनी मागेपुढे. सकाळी पास, दुपारी नापास. सोमवारी ऑफिसात गेले, प्रत्येक मेसेजबरोबर जाणारा क्रमांक लॉगमध्ये छापायला लावला आणि टेस्ट वेळेवर नाही, त्या क्रमांकांवर लावल्या. संबंध नसलेल्या घटनांचा क्रम तपासणंच काढून टाकलं. वाटेल तेव्हा नापास होणाऱ्या टेस्ट ३७ होत्या, महिन्याभरात ५ उरल्या. त्या पाच खऱ्या चुका होत्या. ते चोवीस वर्षांचं पोर आता सव्वीसचं झालंय. त्याने मान डोलवली.

तो वर्ग ऑगस्टात सुरू झाला होता, म्हणून शनिवारच्या संध्याकाळच्या जादा तासाला नदीपात्रातल्या ढोलपथकांचा सराव खिडकीतून आत यायचा. सर फळ्याकडे तोंड करून राफ्टमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरांचं एकमत घडवायच्या एका पद्धतीत, नेता कसा निवडतात ते सांगायचे : ठरलेल्या वेळेत नेत्याचा निरोप आला नाही की कोणीतरी उभा राहतो आणि निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर नेता होतो. दोघं एकदम उभे राहून मतं फुटू नयेत म्हणून प्रत्येकाची थांबायची वेळ मुद्दाम वेगवेगळी ठेवतात. मागून कोणीतरी म्हणालं, "मंडळात पण असंच करायला पाहिजे." सर म्हणाले, "मंडळात नेता असताना पण तिघं उभे राहतात." त्या बॅचमधला कोणीही राफ्ट विसरणार नाही.

पुढच्या वर्षी हा विषय निघाला नाही. नऊच जणांनी मागितला.

प्रोजेक्टचं थोडक्यात. कंपनीचा डेटा गोपनीय, म्हणून ओपन सोर्स प्रकल्पांच्या टेस्टवर काम केलं : कुठली टेस्ट लहरी आहे ते तिच्या जुन्या निकालांवरून ओळखणारं छोटं साधन. गाइड मॅडम त्याच, ब्रिज कोर्सवाल्या. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास आणि लाल पेन. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिला प्रश्न, "याचा जीयूआय कुठे आहे?" म्हणजे पडद्यावरची बटणं-खिडक्या. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांच्या तीन प्रती द्याव्या लागल्या. त्यातली एक मला परत मिळाली. ती आत उघडलेली वाटत नव्हती.

तर विचारणाऱ्या चौघींना. नुसती पदवी हवी असेल, प्रमोशनच्या फॉर्मवर रकाना भरायला, तर हा कोर्स महाग नाही आणि हजेरी ७५ टक्के ठेवली तर अडत नाही. ठरावीक एक विषय शिकायचा असेल तर आधी स्वयम् वर हजार रुपयांत शिकून बघा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर आधी विचारा की सत्रात दोनच विषय घेता येतात का, आणि लेखी घ्या. ऐच्छिक विषयांची यादी दाखवतील तेव्हा मागच्या दोन वर्षांत त्यातले कुठले प्रत्यक्ष निघाले ते विचारा. आणि ब्रिज कोर्स असेल तर ऑफिसात आजारपणाची रजा टाकून जा.

तारे द्यायचेच तर पाचपैकी तीन. त्यातले दोन त्या मॅडम आणि सरांचे.

गेल्या आठवड्यात मार्कशीट आणायला गेले होते. नवीन माहितीपुस्तिकांचा गठ्ठा खिडकीत ठेवलेला. चाळली. ऐच्छिक विषय आता १७ झालेत. क्लार्कसाहेबांना विचारलं, "१५ जणांची अट तशीच का?" म्हणाले, "नाही मॅडम, ती आता २० केली." मी गाडी काढायला गेले तर ती टोइंगवाल्यांनी नेली होती.